लोणच्याच्या खोलीत कोण जाणार

आमच्या कारखान्यात लोणच्याच्या खोलीला दार एकच होतं, आणि त्या दाराशी रोज सकाळी आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला एक प्रश्न विचारला जायचा. "अडचण तर नाई?"

विचारणारी सुपरवायझर बाई हलक्या आवाजात विचारायची. पण उत्तर काही लपून राहत नसे. "आहे" म्हणणारी बाई खुंटीवरचा आपला हिरवा एप्रन न घेताच वळायची आणि अंगण ओलांडून समोरच्या बाटल्यांच्या शेडात जायची. अंगणात टेम्पोत खोकी चढवणारे हमाल असायचे, लिंबाची पोती उतरवणारे शेतकरी असायचे, कधी मालकांची गाडी. आज कोणती बाई कुठल्या बाजूला चालली आहे हे सगळ्यांना दिसायचं, आणि दिसलं नाही असं वागायची सगळ्यांना सवय होती.

कारखाना म्हणजे फार मोठं काही डोळ्यांपुढे आणू नये. वर्धेहून पवनारकडे जाताना मोठा रस्ता सोडून आत वळलं की पत्र्याची दोन लांब शेडं आणि मधलं सिमेंटचं अंगण, इतकंच. लिंबू, आवळा, मिरची, उन्हाळ्यात कैरी. माल आसपासच्या भाजीवाल्या कास्तकारांकडून यायचा आणि बरण्यांत बंद होऊन नागपूर-अमरावतीच्या दुकानांत जायचा. कामाला बहुतेक बायका. मालक नवरा-बायकोला त्या दादा आणि वहिनी म्हणत. मी ऑफिसात होते, म्हणून मी सर आणि मॅडम म्हणायचे, आणि बायका मलाही मॅडम म्हणत. बिलं, ईमेल, लेबलवरचा इंग्रजी मजकूर हे माझं काम. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि मला तिथं घेण्याचं कारण तेच होतं.

पहिल्याच आठवड्यात लेबलसाठी बरण्यांचे फोटो काढायला मी त्या खोलीत निघाले, तेव्हा सुपरवायझर बाईनं मलाही विचारलं. मी नुसती मान हलवली. खरं उत्तर काय होतं ते मी तेव्हा सांगितलं नाही, आणि आता लिहायचीही मला गरज वाटत नाही. पण फोटो काढताना मी एकाही बरणीला हात लावला नाही, हे आठवतं. पाळीविषयी मला जे माहीत होतं ते शाळेत, मुलांना मैदानावर पाठवून, इंग्रजीतून सांगितलं गेलेलं होतं. घरी आईनं त्या दिवसांत लोणच्याच्या बरणीला हात लावू नकोस एवढंच म्हटलेलं. या दोन गोष्टी तोवर माझ्या डोक्यात कधी समोरासमोर आल्या नव्हत्या.

खोलीवर राज्य होतं काकूचं. सगळ्या तिला काकूच म्हणत. पंचेचाळिशीच्या पुढची, उंच, बोलायला कडक. घर पवनारला. नवरा पहाटे भाजी घेऊन वर्धेच्या बाजारात जायचा आणि ती बसनं इकडे यायची. मॅडमच्या सासूबाई घरच्या स्वयंपाकघरात लोणची घालून विकत असत, तेव्हापासून काकू त्यांच्या हाताखाली होती. त्या गेल्या, कारखाना झाला, पण मसाला अजून काकूच मिसळायची. कोपरापर्यंत हात धुवायची, पुसायची, आणि पंख्याखाली धरून सुकवायची. ओला हात चालणार नाही, ओला चमचा चालणार नाही, अडचणीतली बाई चालणार नाही. तिच्या दृष्टीनं हे तिन्ही एकाच जातीचे नियम होते, आणि दाराशी प्रश्न विचारायची पद्धतही कारखाना झाल्यावर तिनंच सुरू करायला लावली होती.

एकदा गिरडची एक नवीन मुलगी, वर्षभरापूर्वी लग्न होऊन वर्धेत आलेली, जेवणाच्या सुट्टीत येऊन म्हणाली की तिला आत्ताच कळलं. सकाळपासून ती आत होती.

"तुले समजत नाई काऊन?" काकू म्हणाली. "नासलं तर तुह्या घरचं जाते का?"

"काकू, लिंबाले कसं समजते वं?"

"लिंबाले नाई समजत. लोणच्याले समजते."

सगळ्या हसल्या. मुलगीही हसली आणि डबा घेऊन शेडात गेली. तिला फार वाईट वाटलं असं मला दिसलं नाही. शेडात बसून करायचं काम असायचं. बाटल्या पुसायच्या, लेबलं चिकटवायची. भिंतीला पाठ टेकता यायची, कोणीतरी मोबाईलवर गाणी लावायचं. "माह्या सासूपेक्षा थे शेड बरं," असं एक बाई नेहमी म्हणायची. खोलीत मात्र दिवसभर उभं राहावं लागे आणि जड पिंपं हलवावी लागत. शेडाचा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, खोलीपेक्षा कमी होता, तरी कित्येक जणी त्या दिवसांची वाटच पाहत. म्हणून मी जेव्हा मनातल्या मनात या सगळ्याला अन्याय असं नाव द्यायचे, तेव्हा त्या हसण्याचं काय करायचं ते मला कळायचं नाही.

मग हिवाळ्यात नागपूरहून एक सल्लागार आले. नव्या श्रमसंहिता लागू झाल्या होत्या आणि सरांना त्याची धास्ती होती. चहा पिताना सल्लागारांनी सांगितलं की आता लहान असो, मोठा असो, प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्यायचं. त्यात कामाचा प्रकार लिहायचा, कुशल की अकुशल, आणि त्याप्रमाणे पगार. मी शेजारच्या टेबलावर टिपून घेत होते. मला ते आवडलं होतं. आमच्याकडे कोणाकडेच, माझ्याकडेसुद्धा, नोकरीचा एकही कागद नव्हता.

त्या आठवड्यात मी घरी मोबाईलवर ते कायदे इंग्रजीत वाचले. स्त्री-पुरुषांना समान वेतन देण्याचा कायदा माझी आई तान्ही होती त्या सुमारास झाला होता. तो आता या नव्या संहितेत मिसळून टाकला होता. कामाच्या ठिकाणी बायकांचा छळ होऊ नये म्हणून केलेला कायदा आला तेव्हा मी शाळेत होते, आणि शाळेत कोणी त्याचा उच्चार केल्याचं मला आठवत नाही. बाळंतपणाच्या रजेचा कायदा या दोन्हींहून जुना, तोही मधे वाढला, बदलला. पाळीसाठी रजा द्यायला दुसऱ्या काही राज्यांनी सुरुवात केल्याच्या बातम्याही सापडल्या. एकामागून एक वाचत गेलं की वाटायचं, कोणीतरी दूर बसून एकेक दार उघडत आलं आहे. पण आमच्या दारापाशी जो प्रश्न विचारला जातो त्याबद्दल स्पष्ट असं कुठंच काही लिहिलेलं नव्हतं. कायदा लिहिणाऱ्यांनी लोणचं घातलं नसावं.

पत्रांची तयारी सुरू झाली तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. मॅडमनी मला यादी सांगितली. लोणच्याची खोली कुशल, बाटल्यांचं शेड अकुशल. पण खोलीत जे महिनाभर रोज हजर राहू शकतील त्यांनाच कुशल लिहायचं, कारण कुशल माणसाला अधूनमधून शेडात बसवलं तर तोटा होतो. त्यासाठी हमालांपैकी दोघांना मसाला मिसळायला शिकवायचं ठरलं होतं. बायका शेडात जातील आणि गरज लागेल तेव्हा खोलीत येतील.

"आणि काकू?" मी विचारलं.

"तीच शिकवेल ना त्या दोघांना," मॅडम म्हणाल्या. मग थोडं थांबून, "अगं, तिचं आता वय झालंय. तिचे दिवस कधीही येतात. महिन्यातले किती दिवस ती बाहेरच असते, तू बघतेस ना?"

मी बघत होते. काकूची पाळी अनियमित झाली होती. कधी पंधरा-पंधरा दिवस ती शेडात दिसायची, कडेला भिंतीशी, कोणाशी न बोलता. स्वतःचा नियम ती स्वतःला लावत होती.

यादीची बातमी फुटायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी काकू ऑफिसात आली. ती कधी आत यायची नाही, दारातूनच बोलायची. त्या दिवशी खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"पोरी, माह्या नावासमोर काय लिहून आहे?"

"अजून ठरलं नाही, काकू."

"अकुशल म्हंजे काय म्हनते?"

मी अडखळले. "म्हणजे... जे काम फार शिकावं लागत नाही ते करणारी."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "वहिनीची सासू म्हने, तुह्या हाताले चव आहे. माह्या हातचं इकून हे दोन शेडं उभे झाले. आता थे हमाल कुशल अन् मी अकुशल?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "पैशाचं त आहेच. पन माह्या पोरानं तो कागद वाचला, त काय म्हनन?"

त्या दिवसानंतर काकू शेडात गेली नाही. रोज सकाळी दाराशी "नाई" म्हणायची आणि एप्रन घेऊन आत जायची. सुपरवायझर बाईनं तिला दुसऱ्यांदा विचारायची हिंमत कधीच केली नसती. इतरांनी, वय झालं, थांबलं असेल, असं धरलं. मी तसं धरलं नाही. चेहरा पांढरा पडलेला, मसाला मिसळताना मधेच पिंपाचा काठ धरून उभी राहायची, आणि संध्याकाळी बसची वाट पाहताना पिशवी पोटाशी घट्ट धरायची. ज्या गोष्टीनं लोणचं नासतं असा तिचा पक्का विश्वास होता, ती करत ती रोज त्या खोलीत उभी होती. मी कोणाला काही बोलले नाही. ते माझं सांगायचं नव्हतं.

संक्रांत होऊन गेल्यावर लिंबाच्या एका पिंपाला बुरशी आली.

वर्षात एकदोन पिंपं अशी जायचीच. फोडी नीट सुकल्या नसतील, मीठ कमी पडलं असेल, झाकण सैल राहिलं असेल. खरं कारण कोणी फार शोधायचं नाही, त्यापेक्षा त्या आठवड्यात कोण अडचणीत होती ते बायका आठवून काढायच्या, आणि त्या बाईला काही दिवस गप्प राहावं लागायचं. या वेळी पिंपाभोवती जमून त्या हिशेब करू लागल्या. गिरडच्या मुलीचं नाव आलं.

"मी शेडात होतो ना, तुह्यासमोर," ती एकीला म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "प्रत्येक वेळी माह्यंच नाव काऊन घेता वं?"

काकू कपड्यानं झारा पुसत होती. "तिले नोका बोलू," ती म्हणाली. "मी होतो आत."

"तुम्ही त रोजच आत राहता, काकू."

"अडचणीत होतो. लय दिवसांपासून आहे. सांगतलं नाई."

 मग सुपरवायझर बाईच्या तोंडून निघालं, "तुम्हीच आम्हाले शिकवलं, काकू."

"हाव. मीच शिकवलं."

एका बाईनं तिच्या हातातला झारा घेतला. हिसकावून नाही, हळूच घेतला, आणि धुवायला नेला.

मॅडमनी त्याच दुपारी मला बोलावलं. आमच्याकडे एक अंतर्गत समिती होती. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं ती ठेवावीच लागते. भिंतीवर फ्लेक्स लावला होता, त्यावर अध्यक्ष म्हणून मॅडम आणि सदस्यांत माझं नाव. वार्षिक अहवाल इंग्रजीत लिहिता येतो म्हणून मी सदस्य झाले होते. खरं तर ती समिती लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी असते. इथं छळ करणारा म्हणावा असा कोणी माणूस नव्हता. पण मॅडमना हे प्रकरण कुठंतरी बसवून मिटवायचं होतं, आणि सल्लागारांनी भेदभावाबद्दल बायकांचं म्हणणं लिहून ठेवा असं फोनवर सांगितलं होतं.

मी सगळ्या बायकांना शेडात जमवून विचारलं, "इथं कामावर तुमच्याशी भेदभाव होतो असं वाटतं का?"

"नाई बाप्पा," एकजण लगेच म्हणाली. "आम्ही सगळ्या जातीच्या एकाच ठिकानी जेवतो."

"जातीचं नाही विचारत. बाई म्हणून. पाळी आली की शेडात यावं लागतं, त्याबद्दल."

मी तो शब्द मोठ्यानं उच्चारला तेव्हा दोघीतिघींनी खाली पाहिलं. "थे आम्ही आमच्या मर्जीनं येतो, मॅडम," सुपरवायझर बाई म्हणाली. "कोनाची जबरदस्ती नाई. आमच्या घरीबी पाळतो." इतरांनी माना हलवल्या. गिरडच्या मुलीनंही हलवली. काकू सगळ्यांपासून थोडी दूर बसून लेबलं सरळ करत होती. तिनं मानही हलवली नाही आणि वरही पाहिलं नाही.

संध्याकाळी ऑफिसात सर, मॅडम आणि मी असे तिघेच होतो. बायकांनी सांगितलेलं मी वाचून दाखवलं. सर मोकळे झाल्यासारखे दिसले.

"बघ, ही त्यांची श्रद्धा आहे. आपण कुठं काय लादलं? आणि अट सगळ्यांना सारखी आहे. जो महिनाभर खोलीत राहील तो कुशल. यात बाई-पुरुष आलंच कुठं?"

मला बोलायची सवय नाही. वर्गात उत्तर येत असूनही मी हात वर केला नव्हता. त्या दिवशीही मी सरांकडे न बघता टेबलाच्या कडेकडे बघत बोलले. "सर, अट सारखी आहे. पण ती मोडणार फक्त बायकाच. हमालांना शेडात जायची वेळ कधी येणारच नाही."

"पण त्या म्हणतात ना मर्जीनं."

"मर्जीनं असेल तर दाराशी आपली सुपरवायझर का विचारते? आणि त्या दिवसाचा रोज आपण का कमी देतो?"

 मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच नीट. त्यांची सासू त्यांनाही त्या दिवसांत स्वयंपाकघराबाहेर बसवत असणार. पण मी ते विचारणं शक्य नव्हतं.

सर फोन घेऊन बाहेर गेले आणि सल्लागारांशी बराच वेळ बोलले. परत आले तेव्हा चिडलेले होते, बहुतेक माझ्यावर. "विचारणं बंद करा म्हणतोय तो. कोणी तक्रार केली तर आपण अडकू. पाळीवरून काम बदलायचं नाही, रोज कापायचा नाही."

योग्य आहे म्हणून हे झालं नाही. अडकू नये म्हणून झालं. तरी झालं, आणि त्या संध्याकाळी घरी जाताना मला हलकं वाटत होतं हे खरं आहे.

ते फार टिकलं नाही. प्रश्न बंद झाला, त्याबरोबर शेडात जाऊन बसणंही बंद झालं. आता प्रत्येकीला ठरलेल्या जागी पूर्ण वेळ उभं राहायचं होतं. कंबर धरून पिंपं ढकलणाऱ्या बायका माझ्याकडे बघेनाशा झाल्या. मी अंगणातून गेले की एकदोघी आवाज चढवून बोलायच्या. "मॅडमनं आपल्याले बरोबरीत आनलं वं. आता मरा उभ्यानं." मी सरांना खोलीत बसायला बाकं ठेवण्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, एका वेळी किती कायदे करशील? बाकं आली, पण उन्हाळा लागल्यावर.

पत्रं होळीच्या आधी वाटली. काकूच्या पत्रात कुशल लिहिलं होतं. हमालांपैकी दोघांच्याही. तिनं ते माझ्यापुढे धरलं आणि वाचायला सांगितलं. मी सगळं वाचलं, कामाचं स्वरूप, वेतन, सुट्ट्या, नोटिशीचा काळ.

"यात थे लिहून आहे का," तिनं विचारलं, "का पिंप नासलं त कोनाच्या डोक्यावर जाईन?"

"नाही, काकू. असं त्यात नसतं."

"मंग काय फायदा." पण तिनं ते पत्र घडी न करता, प्लॅस्टिकच्या पिशवीत सरळ ठेवून, घरी नेलं.

ती सरकारी दवाखान्यात जाऊन आली, गोळ्या सुरू झाल्या. खोलीत रोज यायची. कैरीचा सगळा हंगाम तिनं काढला. पण आधीसारखा कोपरापर्यंत हात घालून मसाला मिसळताना मी तिला पुन्हा पाहिलं नाही. लांब दांड्याच्या झाऱ्यानं मिसळायची आणि त्या दोघा हमालांना हात घालायला लावायची. एकदा मी सहज विचारलं तर म्हणाली, "कायद्यानं मले आत आनलं. तुह्यं उपकार आहे. पन मले बरं नाई वाटत आत. तुले नाई समजायचं."

मला समजत होतं की नाही, ते मला आजही सांगता येत नाही.

पावसाळ्यात कैरीच्या एका पिंपावर तेलाच्या वर पांढरा पातळ थर धरला. सकाळीच दिसला. मी नोंदीसाठी फोटो काढायला गेले तेव्हा सगळ्या पिंपाभोवती उभ्या होत्या आणि ते दोघं हमालही. कोणी कोणाला विचारत नव्हतं. विचारायचं नाही असं ठरलेलं होतं. पण प्रत्येकीची नजर एकदा काकूकडे जाऊन परत येत होती. जानेवारीत निदान कोणीतरी बोललं होतं. आता आवाज फक्त पत्र्यावरच्या पावसाचा होता.

काकूनं झारा पिंपावर आडवा ठेवला.

"माह्यं होळीपासून बंद आहे," ती म्हणाली. "दवाखान्यात बी सांगतलं, आता येनार नाई म्हून. माह्याकडे पाहू नोका."

हमालांपैकी एकजण पंख्याकडे बघू लागला, दुसरा पोतं आणायचं निमित्त करून बाहेर गेला. जी गोष्ट कोणी विचारू शकत नव्हतं ती तिला पुरुषांसमोर, स्वतःहून, सांगावी लागली होती. तिचा चेहरा ताठ होता. मला वाटलं आता संपलं.

पण नजरा संपल्या नाहीत. त्या फिरत फिरत गिरडच्या मुलीवर थांबल्या, आणि काकूचीही त्यांच्यात होती.

"तू वं?" काकूनं विचारलं.

"काकू, विचारायचं नाही," मी म्हणाले. माझा आवाज फळ्यावरचं वाचून दाखवल्यासारखा निघाला.

काकूनं माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. "थे कंपनीनं इचारायचं नाई," ती म्हणाली. "मी कंपनी थोडीच आहे."

 मी वाचलेल्या सगळ्या कलमांत मालक होता, कामगार होता, सरकार होतं. एका बाईनं दुसऱ्या बाईला विचारू नये असं कुठं लिहिलेलं मला आठवेना.

मुलीनं एप्रनला हात पुसले. "नाई," ती म्हणाली. "नाई ना, काकू." खरं असेल. नसेलही. कोणालाच ते तपासता येणार नव्हतं, आणि म्हणूनच कोणी मान हलवली नाही. तिनं एप्रनची मागची गाठ सोडली, तो खुंटीला अडकवला आणि पावसातून अंगण ओलांडून बाटल्यांच्या शेडाकडे निघाली. तिला कोणी जा म्हटलं नव्हतं. नियमाप्रमाणे तिचा एक पैसाही कापला जाणार नव्हता.

काकू दाराशी आली. मला वाटलं ती तिला परत बोलावील. ती चौकटीला हात टेकून पाहत राहिली आणि मुलगी शेडात शिरत असताना तिला मोठ्यानं म्हणाली, "उद्या येजो आत."

मुलीनं मागं वळून पाहिलं नाही. काकू पुन्हा पिंपाशी गेली आणि वरचा पांढरा थर काढू लागली, झाऱ्यानं, दांडी लांब धरून.